दिवाळसणाची रायफल

पुण्याहून आलेलं एक पत्र थोडं आटोपशीर करून देते:

“सप्रेम नमस्कार. मी ६७ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. एकुलत्या एका लेकीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. जावई अमेरिकन, विस्कॉन्सिन राज्यात वॉसॉजवळच्या गावचा. आम्हाला व्हिसाची तारीख मिळायला इतका उशीर झाला की दिवाळसण राहूनच गेला. यंदा दिवाळीला आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडे जात आहोत. जावई दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो. त्याच्याकडे त्याच्या आजोबांची जुनी मार्लिन ३३६ आहे, .३०-३० ची. सासऱ्याकडून त्याला नवी, चांगली रायफल द्यावी असं माझ्या फार मनात आहे. पुष्कळ व्हिडिओ पाहिले, .३०० विंचेस्टर मॅग्नम मनात भरली. द्यायची तर मोठीच द्यावी. कुणाला न सांगता तिथल्या दुकानात जाऊन स्वतः घेईन म्हणतो. माझ्या आजोबांकडे कुडाळजवळच्या गावी ठासणीची बंदूक होती, त्यामुळे मला यात परकं काही वाटत नाही. सौ. मात्र नाराज आहे. दिवाळीत हरीण मारायची बंदूक देणार का, म्हणते. रायफल आणि कॅलिबर कोणतं घेऊ ते कळवा. जाता जाता, यंदा लेकही त्याच्याबरोबर जाणार आहे. तिला गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालं. आजोबांच्या त्याच रायफलीवर सराव करते आहे म्हणे. डावखुरी आहे, पण त्या रायफलीची तिला अडचण होत नाही.”

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रायफलीसाठी, आणि दुसऱ्यांदा ‘जाता जाता’ म्हणून लिहिलेल्या त्या चार वाक्यांसाठी. त्यांच्याकडे येतेच, पण एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण तिच्यात चूक झाली तर दिवाळी बाजूला राहील आणि वकील शोधत बसावं लागेल.

तुम्ही दुकानात जाऊन रायफल घ्यायची नाही. तुम्ही येणार पर्यटक व्हिसावर. अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं विकत घेता येत नाहीत, जवळही बाळगता येत नाहीत. याला अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. तो नसेल तर ‘जरा हातात धरून बघतो’ हेसुद्धा अंगाशी येऊ शकतं, कारण बाळगणं याचा अर्थ नुसती मालकी असा होत नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंतची आहे, आणि पुढच्या व्हिसाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून जावई कौतुकाने म्हणाला, “बाबा, एक बार काढून बघा,” तरी हसून नको म्हणा. रायफल हातात घेऊन फोटोही नको. एच-१बी वर असलेल्या आपल्या मुलांनाही हाच नियम आहे. ऑफिसातल्या मित्रांबरोबर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्या कितीतरी मराठी मुलांना तो ठाऊकच नसतो, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

कुडाळकडची पद्धत तुम्ही पाहिलेली आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना, त्याचं नूतनीकरण, निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. विस्कॉन्सिनात रायफल ठेवायला असा परवाना लागत नाही, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की इथे कशालाच धरबंध नाही. पण दुकानातून बंदूक घेताना ४४७३ नंबरचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो. त्यात सरळ विचारलेलं असतं की खरे खरेदीदार तुम्हीच आहात का. मग दुकानदार सरकारी यंत्रणेकडून तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो आणि त्यानंतरच बंदूक हातात देतो. स्वतःच्या पैशाने घेऊन दुसऱ्याला खरोखरची भेट देणं कायद्यात बसतं, घेणाऱ्याला बंदूक बाळगायची मनाई नसली म्हणजे झालं. दुसऱ्याने दिलेल्या पैशाने, त्याच्यासाठी, आपण सही करून घेणं बसत नाही. खोटी सही हा गुन्हा आहे. तेव्हा पैसे तुमचे, सही लेकीची आणि बंदूक जावयाची, असला द्राविडी प्राणायाम करूच नका. ज्याची रायफल त्यानेच फॉर्म भरावा, त्यानेच घ्यावी. तुम्ही पैशाचं पाकीट द्या. आहेराचं पाकीट आपल्याला काही नवीन नाही.

आता तुमच्या .३०० विंचेस्टर मॅग्नमविषयी.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीची, म्हणजेच गोळीची जाडी, इंचाच्या भागांत मोजलेली. आकडा मोठा तर बंदूक भारी, असं आपण धरून चालतो. पण गंमत बघा. .३०-३०, .३०८, .३०-०६ आणि तुमची .३०० मॅग्नम, या चौघींच्या गोळीची जाडी एकच आहे, इंचाचे ३०८ सहस्रांश, म्हणजे पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास. फरक आहे तो काडतुसात बसणाऱ्या दारूचा. .३०-३० आली १८९५ साली, .३०-०६ अमेरिकी सैन्याने १९०६ मध्ये घेतली (नावातला ०६ तो तिथला), .३०८ आली १९५२ मध्ये आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ मध्ये. दारू वाढली की गोळीचा वेग वाढतो, पल्ला वाढतो आणि खांद्याला बसणारा धक्काही वाढतो. धक्का फूट-पाउंडात मोजतात. साधारण वजनाच्या रायफलीत .२४३ या बारीक गोळीच्या काडतुसाचा नऊ-दहा, .३०८ चा पंधरा-सतरा, .३०-०६ चा अठरा-वीस, आणि .३०० मॅग्नमचा पंचवीसच्या पुढे. रायफल हलकी असेल तर आणखी जास्त.

एवढी ताकद लागते कुठे? पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरांत, तीनशे-चारशे यार्डांवरच्या एल्क नावाच्या थोरल्या हरणासाठी. एल्कचा नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. वॉसॉच्या रानात तसं नाही. मेपल, ओक, पाइनचं दाट जंगल, मध्ये दलदल, आणि मचाणावर बसलेला माणूस. हरीण दिसतं ते बहुधा शंभर यार्डांच्या आत, पुष्कळदा पन्नासच्याही आत. पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हणजे चांगला नर झाला तरी ऐंशी-नव्वद किलोंचं जनावर. त्याला .३०-३० पुरून उरते. जावयाच्या आजोबांनी ती उगाच वापरली नसेल. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनियाच्या रानांत पिढ्यानपिढ्या हरणं पडली ती बरीचशी तिनेच.

मोठ्या कॅलिबरविषयी मी एवढं का सांगते आहे, ते माझ्याच अनुभवातून लिहिते.

मीही विस्कॉन्सिनातच राहते, इथे आले त्याला चोवीस वर्षं झाली. शिकारीला पहिल्यांदा गेले त्याला अठरा. त्या वर्षी ओळखीतल्या एका भल्या माणसाने मला स्वतःची रायफल वापरायला दिली, .३०० मॅग्नम. “हिच्यापुढे काही उभं राहत नाही,” म्हणाला. माझी उंची पाच फूट दोन इंच. त्याची सहा फूट. दस्ता मला लांब पडत होता, म्हणून मी मान पुढे काढून स्कोपला, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीला, डोळा लावला. पहिलाच बार काढला आणि स्कोपची कड उजव्या भुवईवर आदळली. अर्धचंद्राची खूण अजून आहे. डोळ्यांत रक्त आलं, चष्मा गेला. त्या दिवशी आणखी चार गोळ्या झाडल्या, कारण सगळे बघत होते.

जखम पंधरा दिवसांत भरली. पण अंगात भीती बसली ती गेली नाही. चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले, खांदा आकसायला लागला. मला ते कळतही नव्हतं. शिकारीच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी साठ पावलांवर एक मादी येऊन उभी राहिली, अगदी आडवी, मान खाली. माझ्या चार वर्षांच्या मुलीलाही चुकला नसता असा नेम. मी डोळे मिटले आणि चाप ओढला. गोळी छातीत लागायची ती पोटात लागली. बर्फावर रक्ताचे ठिपके आणि त्यात हिरवट चोथा होता. टॉर्च घेऊन आम्ही रात्री अकरापर्यंत माग काढला. दलदलीच्या कडेला माग हरवला. सकाळी ती बोरूच्या बेटात सापडली तेव्हा कायोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरांनी, तिला अर्धं खाल्लं होतं. किती वेळ जिवंत राहिली असेल, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते.

हे लिहायला सोपं नाही, पण काकूंच्या नाराजीला माझं उत्तरही यातच आहे. हरणाला यातना होऊ नयेत असं वाटत असेल तर रायफल चालवणाऱ्याला तिची भीती वाटता कामा नये. ज्या कॅलिबरने काम नीट होतं त्यातलं सर्वांत कमी धक्क्याचं घ्यावं. माझं कॅलिबरविषयीचं सगळं म्हणणं इतकंच आहे.

आता ‘जाता जाता’च्या त्या वाक्यांकडे वळते.

काका, जावयाकडे रायफल आहे. नुसती रायफल नाही, आजोबांची रायफल. इथल्या घरांतून ही वस्तू काय असते ते मी पाहिलं आहे. आपल्याकडे आजीची पाटली जशी लेकीकडून नातीकडे जाते तशी ती जाते. दस्त्यावरची पॉलिश जिथे हाताने उडालेली असते तिथेच पुढच्या पिढीचा हात बसतो. तुम्ही दिलेली नवी, महागडी मॅग्नम तो मान ठेवून घेईल, आभार मानेल, आणि शिकारीच्या शनिवारी पहाटे चारला उठून कपाटातून कोणती काढेल? एक तर आजोबांची काढेल आणि तुमची पडून राहील. नाही तर तुमच्याखातर तुमची नेईल आणि मनात आजोबांची राहील. दोन्हींत कुणाला समाधान नाही.

आणि रायफल नाही कुणाकडे? तुमच्या लेकीकडे. दोघं एकत्र जाणार आणि रायफल एक. म्हणजे एकाने बसून राहायचं, नाही तर कुणाची तरी उसनी आणायची. उसनी म्हणजे काय होतं ते वर लिहिलंच आहे. दिवाळसण जावयाचा असतो हे मला मान्य. त्याचा मान कसा राखायचा तेही सांगते. पण रायफलीचे पैसे ओवाळणी म्हणून लेकीच्या हातात द्या. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे ती स्वतःच्या नावाने रीतसर घेऊ शकते. फॉर्मवर तिला ग्रीन कार्डावरचा ए-नंबर लिहावा लागेल, आणि फोटो असलेलं, सध्याच्या पत्त्याचं ओळखपत्र लागेल. एवढंच.

रायफल निवडताना कॅलिबरच्याही आधी बघायची ती लांबी. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींत ते साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं, म्हणजे पावणेसहा फुटांच्या पुरुषाच्या मापाचं. लेकीला दुकानात सांगा: कोपर काटकोनात वाकव, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकव, आणि बघ, तर्जनीचं पेर चापावर आरामात पोचतं का. पोचायला ताणावं लागलं तर ती रायफल तिची नाही. शिवाय नोव्हेंबरातल्या विस्कॉन्सिनात अंगावर तीन थर आणि जाड जॅकेट असतं, त्याने आणखी अर्धा-पाऊण इंच खाल्ला जातो. कॉम्पॅक्ट नावाने आखूड दस्त्याच्या रायफली मिळतात. रूगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस आणि फिनलंडची टिका टी३एक्स, या तिन्हींत कॉम्पॅक्ट आहे. पहिल्या दोन स्वस्तातल्या आहेत आणि नेमाला अजिबात कमी नाहीत. टिकाचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा भाग, मात्र असा फिरतो की एकदा हात लागला की दुसरी घ्यावीशी वाटत नाही. ऐपत असेल तर टिका.

पण डावखुरेपणाचं काय? तिला मार्लिनची अडचण होत नाही, कारण त्या रायफलीत खालची कडी ओढून काडतूस भरतात, ती कोणत्याही हाताने ओढता येते. बोल्टच्या रायफलीत बोल्टचा दांडा एका बाजूला असतो, नेहमीच्या रायफलीत उजवीकडे. डावीकडच्या दांड्याच्या रायफली मिळतात, पण कॉम्पॅक्ट आणि डावी अशा दोन्ही गोष्टी एकत्र शोधायला वेळ लागतो. म्हणून आधी तिचा कोणता डोळा मुख्य आहे ते बघा. आपल्याकडे डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांनाही जेवायला उजव्याच हाताने शिकवतात, त्यामुळे पुष्कळ जणी दोन्ही हातांनी कामं करतात. हात सवयीने बदलतो, डोळा बदलत नाही. दोन्ही हात लांब करून पंजांमधून एक छोटी खिडकी करायची, तिच्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ती वस्तू खिडकीत दिसत राहते तो मुख्य डोळा. डावा निघाला तर डावी रायफल शोधा, थांबावं लागलं तरी चालेल. उजवा निघाला तर उजवी घेऊन बघा, तिला आठवड्याभरात जमेल.

कॅलिबरसाठी माझी पहिली पसंती ७एमएम-०८ रेमिंग्टन. .३०८ चंच काडतूस, फक्त तोंड आवळून सात मिलिमीटरच्या गोळीसाठी केलेलं. धक्का .३०८ पेक्षा कमी, बारा-तेराच्या आसपास, आणि हरणाला कमी पडणार नाही. गेली अकरा वर्षं मी हीच वापरते आहे. अडचण एकच, गावाकडच्या लहान दुकानात तिची काडतुसं प्रत्येक वेळी मिळतीलच असं नाही. लेकीच्या जवळच्या दुकानात फळीवर ती दिसली नाहीत तर ६.५ क्रीडमूर घ्यावी. ती २००७ साली हॉर्नाडी कंपनीने नेमबाजीच्या स्पर्धांसाठी आणली, आता शिकारीतही सगळीकडे झाली आहे, आणि धक्का जवळजवळ तेवढाच. .२४३ चा धक्का आणखी सौम्य आहे हे खरं, पण गोळी हलकी असल्याने नेम दोन-तीन इंच इकडेतिकडे झाला तर ती माफ करत नाही. ती मुरलेल्या हाताची रायफल आहे, लोक ती नवशिक्यांना देतात हे मला पटत नाही. आणि घरात दोन कॅलिबर झाली की काडतुसांच्या पेट्या वेगळ्या, खुणा करून ठेवायला सांगा. चुकीचं काडतूस चुकीच्या नळीत गेलं तर रायफल फुटू शकते.

स्कोप साधा ३-९ किंवा २-७ पटींचा पुरे. व्हॉर्टेक्स ही कंपनी विस्कॉन्सिनातल्याच बार्नवेल्डची आहे, त्यांचा चांगला येतो. रायफलीवर सगळे पैसे घालून स्कोप हलका घेऊ नये. आणि डोळा व स्कोप यांत साडेतीन इंचांचं अंतर राहील असा तो दुकानदाराकडूनच बसवून घ्यावा, लेकीच्या मानेच्या मापाने. भुवईची खूण एका घरात एक पुरे झाली.

काडतुसं तांब्याच्या गोळीची घ्यायला सांगा. नेहमीच्या गोळीच्या पोटात शिसं असतं. ते जनावराच्या अंगात फुटून बारीक कणांनी जखमेपासून बरंच दूर पसरतं, डोळ्यांना दिसतही नाही. ते मांस घरातच शिजतं. रानात टाकलेली आतडी गरुड खातात आणि शिशाच्या विषाने मरतात. नवी जोडपी, उद्या घरात पाळणा हलेल, म्हणून हे आग्रहाने लिहिते. तांब्याची पेटी थोडी महाग पडते, पण वर्षाला लागतात किती? सरावाच्या धरून दोन-तीन पेट्या. हरणांमध्ये एक मेंदूचा रोगही इथे २००२ सालापासून आहे. मारलेल्या हरणाची तपासणी राज्य सरकार फुकट करून देतं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवावं.

काकूंना माझा नमस्कार सांगा. हरीण म्हटलं की आपल्या मनात पंचवटी उभी राहते, ते मला कळतं, मीही त्याच घरातून आले आहे. इथे लांडगे पूर्वीसारखे उरले नाहीत, हरणं फार झाली आहेत, रस्त्यावर गाड्यांखाली येऊन मरतात, कोवळी झाडं खाऊन रानच वर येऊ देत नाहीत. हे त्यांना पटेलच असं नाही, आणि पटवायला जाऊही नका. आमच्याकडे नोव्हेंबरात माझी आई येते तेव्हा फ्रीजरचा खालचा कप्पा तिच्या नजरेआड ठेवतो, आणि ती आम्हाला पहाटे निघताना डब्यात मेथीचे पराठे देते. आई आणि मी, दोघींनाही तेवढं पुरतं.

वेळेचं गणित बघा. बंदुकीने हरीण मारायचे नऊ दिवस थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतात. दिवाळी कधी ऑक्टोबरात असते, कधी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे पाकीट दिवाळीला देऊन भागणार नाही, लेकीला हातात रायफल येऊन सराव करायला दीड-दोन महिने हवेत. पैसे आत्ताच पाठवा. ओवाळणी तेव्हा सुपारीची घाला. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो. तो तिने केला आहे का, विचारा. नसेल तर जाणत्या शिकाऱ्याच्या अगदी हाताच्या अंतरावर राहूनच तिला जाता येईल. त्या वर्गात चार नियम पाठ करून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळी नेहमी सुरक्षित दिशेला, निशाण आणि निशाणाच्या मागे काय आहे याची खात्री, आणि बार काढायचा नसेल तोवर बोट चापाच्या बाहेर. शंभर यार्डांवर गोळी निशाणाच्या दोन इंच वर बसेल अशी रायफल जुळवून घेतली की तिच्या रानात अंतर मोजत बसावं लागणार नाही.

खंडेनवमीला लेक-जावयाने दोन्ही रायफली पाटावर मांडल्या, नवीचा बोल्ट काढून, दोन्ही रिकाम्या करून, तर मला फार आवडेल. तुम्ही व्हिडिओवरून आरती म्हणा. एरवी दोन्ही कुलपात, काडतुसं दुसरीकडे. लोखंडी कपाट घरात नसेल तर ते त्या दोघांना मिळून द्या. तेवढी वस्तू मात्र तुम्ही स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या नावाने घेऊ शकता.

राहिला जावयाचा मान. त्याच्यासाठी तुम्ही कोल्हापूरला जा. तिथे चपला करणारे कारागीर म्हशीचं, झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं वापरतात. ते वर्षानुवर्षं टिकतं आणि वापराने मऊ होतं. त्यांच्याकडून रायफलीचा पट्टा करून घ्या. खांद्यावर येणारा भाग दोन इंच रुंद, दोन्ही टोकं एक इंचाची, कारण रायफलीवरच्या पट्टा अडकवायच्या कड्या तेवढ्याच असतात. एकूण लांबी चाळीस इंच, एका टोकाला बक्कल आणि इंचा-इंचावर सात-आठ भोकं. शिवण मेणाच्या दोऱ्याची, खिळे नकोत, ते दस्त्याला ओरखडे पाडतात. आजोबांच्या मार्लिनला कड्या आहेत का ते आधी लेकीकडून फोटो मागवून बघा, नसतील तर तिकडचा बंदूक दुरुस्त करणारा अर्ध्या तासात बसवून देईल. पट्टा बंदूक नाही, तो तुमच्या बॅगेतून येईल, औक्षणाच्या ताटात ठेवता येईल, आणि त्या शनिवारी पहाटे तुमची भेट आजोबांच्या रायफलीवरूनच रानात जाईल.

पट्टे दोन करून घ्या. लेकीचा तीन इंच आखूड.